सुबक ठिपके

टापटीपताई हे नाव तिला प्रयोगशाळेने ठेवलं होतं आणि मनातून तिलाही ते आवडायचं. तिच्या टेबलावर डाग शोधून दाखवा, अशी पैजच लागायची तिथे. तिच्या ताब्यात मातीतला एक जंतू होता. तिच्या गुरूंनी, म्हणजे बाईंनी, नऊ वर्षं ठिकठिकाणची माती चाळून तो शोधला होता. तो अंगातून एक रस सोडायचा आणि भाजलेल्या जखमांतले भलेभले हट्टी रोगजंतू त्या रसाने मरायचे. निवृत्त होताना बाई एवढंच म्हणाल्या होत्या, की याला जिवंत ठेव.

ताईने त्याला अकरा वर्षं तळहाताच्या फोडासारखं जपलं. दर महिन्याला काचेच्या जुन्या बशीतला एक ठिपका, म्हणजे जंतूंचा एक पुंजका, उचलायचा आणि ताज्या बशीत पेरायचा. मला ताप आला तरी एवढं बघत नाहीस, असं नवरा कुरकुरायचा आणि त्यात खोटं काही नव्हतं. तेवढ्या काळात औषधाच्या मंजुरीचे कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिले. जंतू जिवंत आहे ना, मग झालं तर, असं सगळेच धरून चालले होते.

अखेर मंजुरी आली. महिनाअखेरीस जंतू औषधाच्या कारखान्यात जायचा होता आणि जळीत विभागाचे डॉक्टर रोज फोन करून विचारत होते. पाठवण्याआधी फक्त एक साधी तपासणी उरली होती. रोगजंतूंनी भरलेल्या बशीत मधोमध हा ठेवायचा आणि त्याच्याभोवती मोकळं वर्तुळ पडलं की काम फत्ते. ताईने झाकण उघडलं. वर्तुळ नव्हतंच. रोगजंतू त्याला खेटून खुशाल वाढले होते.

आधी तिने जंतूंचं खाद्य शिजवणाऱ्या काकांना फैलावर घेतलं. बिचाऱ्यांनी निमूटपणे ताजं खाद्य करून दिलं. पुन्हा तेच. मग तिने अतिथंड कपाटात जंतू गोठवून राखून ठेवलेल्या नळ्या काढल्या. त्या सगळ्या तिनेच भरलेल्या, आणि सगळ्या तशाच निघाल्या. बाईंनी दिलेली मूळ नळी तिने कधीच फेकून दिली होती, कळकट दिसते म्हणून. तिने बाईंना फोन लावला आणि वर्तुळ पडत नाही, एवढंच सांगितलं. बाई काय ते समजल्या आणि सत्तरी उलटलेली असूनही दोन जिने चढून आल्या.

त्यांनी भिंगातून बशी बराच वेळ न्याहाळली.

"पेरताना कुठला ठिपका उचलायचीस?"

"चांगला. गोल, पांढरा, सुबक."

"आणि मळकट, सुरकुतलेले?"

"ते टाकून द्यायचे."

बोलता बोलताच तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला आणि तिने टेबलाची कड घट्ट धरली. रस करायला कष्ट पडतात. कष्ट करणारे तेच ते रापलेले, सुरकुतलेले. गोरेगोमटे ठिपके नुसते ऐतखाऊ. दर महिन्याला तिने स्वतःच्या हाताने कामकरी वेचून फेकले होते आणि आळशांची वंशावळ वाढवली होती. कुणी शत्रूसुद्धा इतक्या नेमाने घात करणार नाही.

"सगळं मी संपवलं," ती म्हणाली.

बाईंनी भिंग खाली ठेवलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"एकट्या तुझ्यावर घेऊ नकोस," त्या म्हणाल्या. "तुझ्या जागेसाठी दोघी आल्या होत्या. दुसरीच्या वहीत नुसती खाडाखोड, डाग, आणि पानापानावर प्रश्न. तुझी वही सुबक होती. मी तुला उचललं."

शेजारच्या टेबलावर जळीत विभागाचा फोन वाजत होता आणि दोघींपैकी कुणीही उठलं नाही.