सतरा अंगठे

पौषातली सकाळ होती. रेवदंड्याला लिमयांच्या वाडीत रहाट कुरकुरत होता, पाटाचं पाणी पोफळींच्या आळ्यांतून फिरत होतं आणि ओटीवर कुमुद नवऱ्याच्या वहीची स्वच्छ प्रत काढत बसली होती. माजघरातून सासूबाईंचा, गोदावरीबाईंचा, आवाज येत होता. सुनेनं भाजी चिरायची की टाक झिजवायचा, हा त्यांचा रोजचा सवाल. तो कुमुदनं रोज ऐकून न ऐकल्यासारखा करायचा, हेही आता घरात ठरून गेलं होतं.

माधवराव लिमये मुंबईच्या कॉलेजात एक नवंच शास्त्र शिकत होते, धर्मांचं शास्त्र, आणि सध्या त्याचा प्रबंध लिहायला घरी आले होते. पूजा सांगायची नाही की कीर्तन करायचं नाही. माणसं कुठला देव मानतात, कशाला भितात, नवस कसे फेडतात, हे गावोगाव विचारून लिहून घ्यायचं आणि एकाशी एक ताडून पाहायचं. "वनस्पतिशास्त्रवाला पानं गोळा करतो ना? विषारी पानाला तो शिव्या देत नाही आणि तुळशीला हात जोडत नाही. आपण तशा श्रद्धा गोळा करायच्या," असं ते कुमुदला समजावत. कुमुदला हे फार आवडलं होतं. सोवळं, उपास आणि सासूची बोलणी यांच्या पलीकडे उभं राहून धर्माकडे पाहता येतं, हे तिला लग्नानंतर पाच वर्षांनी कळलं होतं. तिला वाटे, घराला एक नवी खिडकीच पडली.

प्रश्न चाळीस होते, छापील. दिवाळीच्या सुटीत दोघांनी खाडीकाठची अकरा गावं पालथी घातली. बायका परक्या पुरुषाशी बोलत नाहीत म्हणून कुमुद बरोबर. माधवराव कामाला चोख. ऐकीव गोष्टीला शास्त्रात किंमत नाही म्हणून प्रत्येक उत्तराखाली सांगणाऱ्याचा अंगठा आणि अंगठ्याखाली 'समक्ष' असं लिहून साक्षीदाराची सही. ती सही कुमुदची. पहिल्यांदा आपलं नाव कागदावर पाहून ती मनात हरखली होती, हे सांगायला हवं.

सत्ताविसावा प्रश्न असा होता: 'गावात भुताळी म्हणून कोणाचे नाव घेतले जाते?' भुताळी म्हणजे करणी करणारी, पोरं खाणारी बाई. खारशेत गावच्या पानांवर या प्रश्नाखाली सतरा जणांनी एकच नाव दिलं होतं, बायजाचं. ती पानं कुमुद त्या सकाळी उतरवत होती आणि तिचा हात सारखा अडत होता.

बायजा खारशेतची सुईण. तीन वर्षांपूर्वी कुमुद बाळंतपणात दोन दिवस अडली, तेव्हा मूल गेलं. पण कुमुद वाचली ती या बाईच्या हातांमुळे. नाव लिहिलं गेलं तेव्हा कुमुद चरकली होती. पण आपण फक्त पानं गोळा करतोय, असं म्हणून तिनं सही ठोकली होती. सतरा वेळा.

वाडीच्या फाटकाशी, बेड्याशी, कुणीतरी खाकरलं. पाहते तो बायजाच उभी. नेहमी थेट मागल्या दारी येणारी बाई आज बेड्याच्या बाहेर.

"बायजाबाई, आत या ना."

"नको वैनीबाय. हितंच बरी हाय." तिच्या ओठांना कोरड पडली होती. "माजा नाव तेवढा खोडा."

"कुठलं नाव?"

"वहीतला. आमच्या गावान तापाचा फेरा आलाय. परवा तिसरा पोर गेला. अंबाजी भगत बोलला, आता देवीला इचारायची बी गरज न्हाय, सरकारच्या वहीतच हिचा नाव हाय. सतरा अंगठं हाईत. मना विहिरीवर जाऊ देत न्हाईत. अमावाशेला देवलाम्होरं कढईत हात घालाया लावणार."

"अहो, पण ती सरकारची वही नाहीच!"

"ता मना काय ठावं? आधी बी बोलत व्हते, न्हाय असा न्हाय. पन मी समोर आली का गप बसत. म्हनं, उद्या हिचीच गरज लागंल. आता कागुद झालाय. आता कोन गप बसंल?"

कुमुदनं तांब्याभर पाणी आणलं. बायजा ते ओंजळीत घेऊन घटाघटा प्यायली, तिनं पुन्हा ओंजळ पुढे केली, पुन्हा प्यायली. चार तांबे झाले. माजघरातून गोदावरीबाईंनी तांबा विटाळल्याचं सुनावलं, तेही झालं.

दुपारी माधवराव जेवून उठले तशी कुमुदनं त्यांना गाठलं. "त्या लोकांना वाटतंय ही सरकारी वही आहे. तुम्ही त्यांना सांगितलं नव्हतंत?"

माधवराव जरा चाचरले. "सांगितलं असतं तर निम्म्यांनी तोंड उघडलं नसतं. सरकारी म्हटलं की लोक भराभर बोलतात. मी खोटं काही बोललो नाही, त्यांचा समज फक्त मोडला नाही."

"आता मोडा. अलिबागला फौजदाराला कळवा."

"पोलीस आले तर पुन्हा एकही गाव मला दारात उभं करणार नाही. दोन वर्षांचं काम बुडेल. आणि कुमुद, अभ्यासकानं मध्ये पडायचं नसतं, तो या शास्त्राचा पहिला नियम आहे." मग हलक्या आवाजात म्हणाले, "शिवाय असं दिव्य प्रत्यक्ष पाहायला मिळणं फार दुर्मीळ."

दिव्य! कढईतल्या उकळत्या तेलातून पैसा काढायचा. हात भाजला नाही तर बाई निर्दोष, भाजला तर भुताळी. माधवराव काही दुष्ट नव्हते. मुंगीवर पाय पडला तर हळहळणारा माणूस. पण शिकलेल्या माणसाची निष्ठुरता अशीच असते, तिला स्वतःचा चेहरा दिसत नाही.

कुमुदनं त्या दुपारी अकरा गावांची पानं पुढ्यात घेतली आणि सत्ताविसाव्या प्रश्नाची उत्तरं तेवढी एका कागदावर काढली. अकरा बायका. नऊ विधवा, दोन टाकलेल्या. मुलगा एकीलाही नाही. आणि नाव पहिल्यांदा घेणारा बहुतेक ठिकाणी दीर, नाहीतर पुतण्या. खारशेतचा पहिला अंगठा भागोजीचा होता, बायजाच्या सख्ख्या दिराचा. बायजाचं नवऱ्यामागं राहिलेलं भाताचं खाचर भागोजीच्या बांधाला लागून होतं. कुमुदनं तो कागद नवऱ्यापुढे धरला. "एकाशी एक ताडून पाहायचं असतं ना? मग हे तुमच्या शास्त्राला कसं दिसलं नाही?"

त्यांनी कागद दोनदा वाचला. "हे... हे खरंच महत्त्वाचं आहे. प्रबंधात घेऊ." कुमुदला त्या क्षणी त्यांची भीती वाटली.

फौजदाराला चिठ्ठी लिहून ती कुणाहाती धाडावी तर गडी सासूबाईंच्या हुकमातले. गड्यानं ती चिठ्ठी त्यांच्याच हातात दिली आणि त्यांनी ती चुलीत घातली.

अमावास्येला सकाळीच दोघं तरीनं खाडी ओलांडून खारशेतला गेले. माधवरावांच्या गळ्यात कॅमेरा होता. देवळापुढे दगडांची चूल, वर कढई, तेलातून धूर निघू लागलेला. बायजा ओलेती उभी होती. तिच्याशेजारी कुणी नव्हतं. तिनं ज्यांची नाळ कापली ती पोरं आयांच्या कडेवरून तिच्याकडे पाहत होती.

कुमुद गर्दीतून पुढे घुसली. वही तिच्या हातात होती. "ही सरकारची वही नाही! हे आमच्या अभ्यासाचं टिपण आहे. यात बायजाबाईंनी काही केल्याचा पुरावा नाही. या सह्या माझ्या आहेत, मी सांगते!"

गर्दी चुळबुळली. अंबाजी भगतानं हातातली देवीची तलवार खाली केली. एक क्षण असा आला होता, की ते दिव्यच मोडेल असं वाटलं.

मग भागोजी पुढे झाला. पूर्वी तो 'माधवभाऊ' म्हणे. वही आल्यापासून 'सायेब' म्हणू लागला होता. "वैनी बाईमानूस हाईत, त्यांची दया आली. सायेब, तुमीच सांगा. वहीत लिवलाय ता खरा का खोटा?"

सगळं गाव माधवरावांकडे पाहू लागलं. कुमुदनं त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं तिनं लग्नात अंतरपाट दूर झाल्यावरही पाहिलं नव्हतं. एक शब्द हवा होता. खोटं.

माधवराव घोगऱ्या आवाजात म्हणाले, "हे बघा, खरं की खोटं ते ठरवणं माझ्या शास्त्राचं काम नाही. लोक काय मानतात, तेवढंच मी लिहितो."

"आयकलात?" अंबाजी ओरडला. "सायेब खोटा म्हनत न्हाईत!"

त्या गलक्यात कुमुदचा आवाज बुडाला. गावातल्या दोघी बायकांनी तिला दंडाला धरून मागे ओढलं. बायजानं तिच्याकडे एकदा पाहिलं. "वैनीबाय, तू बघू नको," एवढंच म्हणाली आणि वाकली. एका हातानं पैसा सापडेना म्हणून तिनं दुसराही हात घातला.

पुढचं लिहायला लेखणी धजत नाही. इतकं सांगतो, की माधवरावांनी काढलेलं छायाचित्र आलं, पण त्यांचा हात हलल्यामुळे पुसट आलं.

बायजाला गावानं हाकललं. कुमुदनं तिला घरी आणलं आणि गोठ्याशेजारच्या पडवीत ठेवलं. गोदावरीबाईंनी अन्न सोडलं, दोन दिवसांनी पुन्हा धरलं. खोबरेल लावून केळीच्या कोवळ्या पानांत बायजाचे हात गुंडाळायचे, हे कुमुदचं रोजचं काम झालं. बोटं एकमेकांना चिकटली होती. बायजा विव्हळत नसे. ते कुमुदला जास्तच असह्य होई.

माघात एके दुपारी बेड्याशी भागोजी येऊन उभा राहिला. डोक्याला मुंडासं नाही, पायांत चिखल. "वैनी, सून अडलीय. केसर. कालधरनं. पोराचा हात भाइर आलाय. डागदर रोह्याला गेलाय." त्याला पुढे बोलवेना. पडवीकडे त्यानं नुसती मान केली.

कुमुदच्या तोंडावर आलं होतं, की आता वहीला विचारा. पण बायजा आधीच उठली होती. "चल वैनीबाय. हात तुजं, डोका माजा."

केसरच्या अंधाऱ्या खोलीत बायजा उशाशी बसली. गुंडाळलेले हात छातीशी धरून ती सांगत होती आणि कुमुद करत होती. "हलू. ढकलू नको. आता उजवीकडं बघ, पायाचा घोटा लागतो का? गोल न्हाय, टोकदार लागंल." कुमुदच्या बोटांना काहीच कळत नव्हतं. पंचवीस वर्षांत बायजाच्या बोटांना जे कळू लागलं होतं, ते शब्दांत मावेना. "आगं, तिथं न्हाय! थोडा वर... अरं देवा, माजं हात..." एवढ्या दिवसांत बायजा प्रथमच रडली. दिवेलागणीला मूल गेलं. त्याच्या मागोमाग केसर गेली. केसर एकोणीस वर्षांची होती.

बाहेर भागोजी कपाळ बडवून घेत होता. कुमुदला वाटलं, आता तरी याला उमगेल. तो म्हणत होता, "भुताळीला उंबऱ्यात घेतली. वहीत व्हता, तरी घेतली. मीच चुकलो!"

घरी आल्यावर कुमुदनं हात धुतले आणि वही उघडली. चाळीस प्रश्न संपल्यावर एक कोरं पान होतं. त्यावर तिनं लिहिलं, 'प्रश्न एक्केचाळिसावा: ज्याने हे लिहून घेतले, त्याने पुढे काय केले?' खाली दोन पानं भरून उत्तर. दिवाळीतल्या सह्यांपासून केसरपर्यंत, काही न गाळता. शेवटी 'समक्ष' लिहून तिनं वही माधवरावांपुढे सरकवली.

"सही करा."

"हे कॉलेजात धाडलं तर मला पदवी मिळायची नाही, कुमुद."

"तुमचं शास्त्र खोटं नाही. मला तर डोळे त्यानंच दिले. पण जे शास्त्र बघून गप्प बसतं, त्याची नक्कल मी यापुढे करणार नाही. एक ओळसुद्धा नाही."

माधवराव टाक हातात धरून बसले. ती जागा कोरीच राहिली.

दुसऱ्या दिवशी कुमुद बायजाला घेऊन बैलगाडीनं अलिबागला गेली, नवऱ्याशिवाय. फौजदार कचेरीत कारकुनानं सगळी फिर्याद उतरवून घेतली. माणूस सभ्य होता, त्यानं मध्ये एकदा टाक थांबवून चष्मा पुसला. मग त्यानं शाईची गादी पुढे केली. "बाई, इथं अंगठा."

कुमुदनं केळीचं पान सोडवलं. बायजानं जड हात उचलून गादीवर टेकला, मग कागदावर. उठला तो नुसता काळा डाग. त्यात एकही रेघ नव्हती.

कारकून अडखळला. "हा अंगठा कोणाचा, हे पुढं ओळखायचं कसं?"

बायजा शरमल्यासारखी झाली. "माजाच हाय, रावसाहेब. आधी बराबर उठायचा."

कुमुदनं कागद आपल्याकडे ओढला. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सावकाश वाचला. मग त्या डागाखाली 'समक्ष' असं लिहून तिनं आपली सही केली.