ढग आले की आमचा कूलर

आमच्या वाळवंटातल्या टूसॉन शहरात उन्हाळ्यात ढग दाटले की लोक अंगणात नाचतात. आमच्या घरात मात्र दमट हवेपुढे पाण्याचा कूलर हात टेकतो. आणि नेमकं तेव्हाच मी वर्गातल्या ब्रेनाला पहिल्यांदा घरी आणलं! वादविवाद स्पर्धेसाठी ती जोडीदार निवडणार होती. ती मलाच निवडणार, याची मला खात्री होती.

"यारेली, एसी लाव ना गं."

"कूलरच आहे. पाऊस पडला की गार होईल."

"तोवर मी शिजेन!"

आईने जास्वंदीचं सरबत दिलं. ब्रेनाने ग्लास नुसता गालाला लावला आणि फोन करून गाडी बोलावली.

ती गेली आणि पाऊस कोसळला. दहा मिनिटांत घर गारेगार.

सोमवारी तिने दुसरीला निवडलं. "तुझ्याकडे सराव कसा करणार?" म्हणे.

"मैत्रीण परत कधी येणार?" आईने विचारलं.

"हिवाळ्यात," मी म्हटलं.