मला ऐकणारे तळवे

मी एक जुनी लाकडी जमीन आहे. एका प्राथमिक शाळेच्या हॉलमध्ये या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत मी पसरलेली आहे. मित्रांनो, जमिनीकडे कुणी फारसे निरखून बघत नाही. पेन्सिल पडली की तेवढे वाकायचे, उचलायची आणि चालू लागायचे. माझी त्याला काही हरकत नाही. मी मात्र आयुष्यभर वर बघत आले आणि त्यातले एक दृश्य आठवले की आजही माझ्या फळ्या शहारतात.

मला दोन सुतार भावांनी घडवले. थोरला कमी बोलायचा. धाकटा त्याच्याही वाटचे बोलायचा. थोरल्याने आधी आडवे वासे टाकले, त्यांच्याखाली वीतभर पोकळी सोडली आणि मग फळीशेजारी फळी बसवायला घेतली. धाकटा वैतागला.

"दादा, एवढा खटाटोप कशाला? सिमेंटवर सरळ ठोकून टाकू. संध्याकाळी घरी जाऊन पाय पसरून बसू."

थोरला रंधा मारतच म्हणाला, "पोरं पडणार इथं. पडू देत. पण पोर पडलं की जमिनीनं जरा मागं सरायला हवं."

धाकट्याने कपाळाला हात लावला आणि पुढची फळी उचलून दिली. पोटातली ती पोकळी हेच माझे खरे नशीब ठरले. तिच्यामुळे माझ्यावर पडलेले प्रत्येक पाऊल आत घुमते आणि पार कोपऱ्यापर्यंत जाते.

सकाळी माझ्यावर व्यायामाच्या सरांचे राज्य असे. सर उंचेपुरे होते, शिट्टी कायम गळ्यात, आणि खाली बसताना गुडघे असे कडकड वाजायचे की पहिल्या रांगेतली मुले तोंड दाबून हसायची. दुपारी नाचाच्या बाई येत. बाई बुटक्या, चपळ, बगलेत ढोल. नाच शिकवायच्या आणि नाटकही बसवायच्या. या दोघांचे एकमेकांशी पटत नसे. सरांनी कोलांट्यांच्या गाद्या तशाच टाकल्या की बाई म्हणत, "हे काय हॉल आहे की गोदाम?" आणि बाईंचे पुठ्ठ्याचे झाड दोरीच्या उड्यांमध्ये आडवे आले की सर म्हणत, "जंगल आवरा तुमचं!"

मी दोघांचीही होते. मला नवल वाटायचे ते मुलांचे. सकाळी बेडूकउड्या मारून धापा टाकणारी मुले दुपारी तीच असत, आणि ढोलाची एक थाप पडली की त्यांचे वादळ होई, समुद्र होई, राजाची फौज होई. एवढ्याशा पायांत हे सगळे कुठे मावते, हे कोडे मला कधीच सुटले नाही.

एके वर्षी तिसरीच्या वर्गात एक नवी मुलगी आली. घरी तिला भिंगरी म्हणत, कारण ती स्वतःभोवती गरागरा फिरायची. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हते. बोलायची हातांनी आणि डोळ्यांनी. तिची आई शिवणकाम करायची. पहिल्या दिवशी आईने सरांना सगळे समजावून सांगितले. सर विचारात पडले.

"ताई, शिट्टी ऐकू आली नाही आणि कुणाला धडकली, तर? सध्या बसू दे बाजूला. बघू पुढं."

दुपारी बाईंचीही तीच अडचण. ढोल ऐकू येणार नसेल तर नाचणार कशी? मग दोन्ही तासांना भिंगरी भिंतीशी बसू लागली. वाईट कुणाच्याच मनात नव्हते. तिला खाऊ मिळे, गोष्टीचे पुस्तक मिळे, सगळे तिच्याकडे बघून हसत. फक्त माझ्यावर पाऊल टाकायला तिला मिळत नसे.

एका सकाळी मुलांची कवायत चालू होती. भिंगरी कंटाळून वर्गाकडे पाठ करून बसली होती आणि खिडकीतून बाहेर बघत होती. तिने बूट काढून ठेवले होते. मुले माझ्यावर पाय आपटत होती, डावा, उजवा, डावा, उजवा. आणि मला जाणवले की भिंतीपाशी एक अंगठा माझ्यावर हळूच टेकतो आहे. डावा, उजवा, डावा, उजवा. एकही ठोका चुकत नव्हता.

मला तोंड असते तर मी ओरडले असते. पण सरांचे लक्ष गेले. त्यांनी हात वर करून मुलांना थांबवले. अंगठाही थांबला. त्यांनी खुणेने पुन्हा सुरू करायला सांगितले. अंगठा सुरू झाला. त्यांनी मुलांना जलद पाय टाकायला लावले, मग हळू, मग अधेमधे थांबून. पाठमोरी भिंगरी खिडकीबाहेरच बघत होती आणि तिचा अंगठा सगळे तंतोतंत सांगत होता.

सर धावत जाऊन बाईंना घेऊन आले.

"बाई, या, या. आवाज मात्र करू नका." मग स्वतःच डोके खाजवून म्हणाले, "म्हणजे, केला तरी चालेल."

बाईंनी बघितले. मग ढोल आणून माझ्यावर आडवा ठेवला आणि एक थाप दिली. भिंगरी चटकन वळली. तिने आधी ढोलाकडे पाहिले, मग आपल्या पायांकडे. ती उठून थेट हॉलच्या मधोमध आली, दोन्ही तळवे माझ्यावर घट्ट रोवून उभी राहिली आणि तिने बाईंकडे बघून मान हलवली. वाजवा.

बाईंनी वाजवले. मित्रांनो, त्या दिवशी ती कशी नाचली हे मला नीट सांगता येणार नाही. तोवर मुलांची पावले माझ्यावर पडत आणि पुढे जात. तिची पावले पडण्याआधी मला विचारत. ढोलाची थाप माझ्या पोटात घुमे, तिच्या तळव्यातून वर चढे आणि तिच्या हातांच्या बोटांतून बाहेर पडे. सर भिंतीला टेकून उभे होते. शिट्टी तोंडात होती, पण ती वाजवायचे त्यांच्या लक्षातच नव्हते.

त्यानंतर सर आणि बाई यांच्यात एकदम गट्टी जमली. सर शिट्टीऐवजी टाच आपटू लागले. एक टाच म्हणजे थांबा, दोन म्हणजे पळा. सगळ्या वर्गालाच ते इतके आवडले की शिट्टी खिळ्याला लटकून राहिली. बाईंनी वार्षिक कार्यक्रमासाठी नाच बसवायला घेतला आणि भिंगरीला मधोमध उभे केले.

मग मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, नवी सूचना काढली. यंदा पालक जास्त येणार, हॉल पुरणार नाही, तेव्हा कार्यक्रम बाहेर मैदानातल्या सिमेंटच्या कट्ट्यावर होईल.

त्या कट्ट्यावरची तालीम मी पाहिली नाही. पण तालीम संपल्यावर भिंगरी एकटीच आत आली आणि पालथी पडून तिने माझ्यावर गाल टेकला. तेव्हा मला सगळे कळले. सिमेंट मुके असते. ढोल वाजत राहिला, बाकीची मुले नाचत राहिली आणि ती मधोमध नुसती उभी राहिली.

तिच्यामागोमाग बाई आणि सर आत आले, मग तिची आई न्यायला आली. बाईंचा उतरलेला चेहरा पाहून तीच समजूत घालू लागली.

"राहू द्या हो, बाई. ती बसेल बघायला. आम्हाला सवय आहे."

"आम्हाला नाही," सर म्हणाले, आणि तडक मोठ्या बाईंना बोलवायला गेले.

मोठ्या बाई आल्या. त्यांचे बूट माझ्यावर नेहमी टकटक वाजत. त्या म्हणाल्या, "मला वाईट वाटतं. पण एका मुलीसाठी सगळ्यांना या खोलीत कोंबू? पाहुण्यांना बसवू कुठं?"

"खुर्च्या काढून टाकू," बाई म्हणाल्या. "सगळे खाली बसतील."

"आणि अध्यक्ष?"

"त्यांना मांडी घालता येत असेलच की."

मोठ्या बाईंना हसू आले, पण त्यांनी ते दाबले. तेवढ्यात भिंगरी उठली. तिने मोठ्या बाईंच्या बुटांकडे बोट दाखवले आणि हाताने खूण केली, काढा. मोठ्या बाई गांगरल्या. मग वाकून त्यांनी बूट काढले. बाईंनी ढोल माझ्यावर ठेवला आणि वाजवला. मोठ्या बाईंचे अनवाणी पाय आधी आक्रसले, मग हळूहळू सैल झाले. जाताना बूट हातात घेऊनच गेल्या आणि दारातून म्हणाल्या, "खुर्च्या उद्या हलवून घ्या."

कार्यक्रमाचा दिवस उजाडला. माझ्यावर इतकी माणसे कधीच बसली नव्हती. आया, बाबा, आजी-आजोबा, कडेवरची बाळे. मधोमध मुलांपुरती जागा मोकळी होती. खिडक्यांबाहेरही माणसे दाटली होती. पाहुणे अध्यक्ष मांडी घालून बसले होते आणि दर थोड्या वेळाने पाय बदलत होते.

भिंगरीच्या नाचाची वेळ झाली. मुले उभी राहिली, ढोल सुरू झाला, आणि भिंगरी हललीच नाही.

मला क्षणात कारण समजले आणि माझा जीव कासावीस झाला. एवढी माणसे माझ्यावर बसलेली! कुणी गुडघा हलवत होते, कुणी सरकून जागा करत होते, कुणाचे बाळ टाचा आपटत होते. तुम्हाला ऐकू येत नाही असा केवढा तरी गलका माझ्या अंगात चालला होता आणि त्यात ढोल बुडून गेला होता. भिंगरी पाय उचलून पुन्हा टेकवत होती, चाचपडत होती. तिच्या डोळ्यांत पाणी आले. मागच्या रांगेत तिची आई अर्धवट उठली.

सरांच्या ध्यानात आले. ते पुढे झाले. एरवी त्यांचा आवाज मैदानापलीकडे जाई. आज ते अगदी हळू बोलले.

"मंडळी, एक विनंती आहे. ही मुलगी जमिनीतून ऐकते. आपण हललो की तिच्यासाठी तो आरडाओरडा होतो. तेवढं आपण सगळे स्थिर बसू या का? तळहात खाली ठेवा. बोटसुद्धा हलवू नका."

आधी पुढची रांग थांबली, मग मधली, मग मागची. अध्यक्षांचा दुखरा पाय जिथे होता तिथेच राहिला. एका आजोबांचा गुडघा सतत थरथरायचा, त्यांच्या शेजारच्या आजींनी त्यावर आपला हात ठेवला. आयांनी बाळे जमिनीवरून उचलून पोटाशी धरली. दारातला शिपाई एक पाय उचललेला तसाच उभा राहिला. आणि मग माझ्या अंगात काहीच उरले नाही. मित्रांनो, एवढी माणसे माझ्यावर होती आणि मी रिकाम्या रात्रीही नसते इतकी शांत होते. एका लहान मुलीला ऐकता यावे म्हणून सगळ्यांनी आपापली शरीरे मिटून घेतली होती.

त्या शांततेत ढोलाची थाप पडली.

भिंगरीने मान वर केली. तिचा तळवा पडला, बरोबर थापेवर. मग दुसरा. मग ती फिरली, तिच्याभोवती बाकीची मुले फिरली, आणि ढोलाचा प्रत्येक ठोका माझ्यातून निघून माणसांच्या तळहातांत शिरला. लोक नाच नुसता बघत नव्हते, हातांनी ऐकत होते.

नाच संपला. कुणालाच काय करावे सुचेना. टाळ्या वाजवल्या तरी तिला कुठे कळणार होत्या? तेव्हा तिच्या आईने उजवा तळहात उचलला आणि माझ्यावर थाड्कन आपटला. पुन्हा एकदा. मग आजोबांनी आपटला, अध्यक्षांनी आपटला, आणि बघता बघता शेकडो हात माझ्यावर धो धो बरसू लागले. भिंगरी आधी दचकली. आपल्या पायांकडे बघू लागली. मग तिला उमगले की हे सगळे आपल्यासाठी आहे, आणि ती मोठ्याने हसली. तिचा आवाज शाळेने तेव्हा पहिल्यांदा ऐकला. सर भिंतीकडे तोंड करून नाक पुसत होते. बाईंनी त्यांना आपला रुमाल दिला.

भिंगरी पुढे मोठ्या शाळेत गेली. सर आणि बाई निवृत्त झाले. त्यानंतर काही वर्षे माझी फार आबाळ झाली. मुलांना हलायला वेळ कुठे आहे, अभ्यास किती आहे, असे म्हणत हॉलला कुलूप लागले. मोडकी बाके माझ्यावर रचली गेली. छतातून पाणी गळले आणि माझी एक बाजू फुगली. एका कोपऱ्याला वाळवीने धरले. धूळ मला सोसते, पण पावलांवाचून मी मुकी होते, आणि ते फार जड जाते.

यंदा एका नव्या बाईंनी कुलूप उघडले, बाके बाहेर काढली आणि कुजलेल्या फळ्या बदलून घेतल्या. मित्रांनो, तुमच्याही शाळेत अशी एखादी जमीन असेल. तिच्यावर पाणी सांडले तर पुसून घ्या, बाके फरफटवू नका, उचलून न्या. आणि खेळाच्या किंवा नाचाच्या तासाला कुणी भिंतीशी एकटे बसलेले दिसले, तर बसू दे म्हणून सोडून देऊ नका. त्याला मधोमध आणा. त्याला कुठून ऐकू येते, ते शोधा.

आज सकाळी पहिलीची मुले प्रथमच हॉलमध्ये आली. दारात एक छोटा मुलगा थबकला. त्याने बूट काढले, मोजे काढले, नीट शेजारी शेजारी ठेवले. एवढी मोकळी जागा त्याने आजवर पाहिली नसावी. तो चवड्यांवर चालत मधोमध आला, त्याने सगळीकडे नजर फिरवली, पोटभर श्वास घेतला आणि दोन्ही पायांनी जीव खाऊन उडी मारली.

काय आवाज झाला म्हणून सांगू!