मागची काच

"फुंक, फुंक! थांबू नकोस. डावीकडे अजून कोरडी आहे."

"बाबा, मला चक्कर येईल."

"नर्स आहेस ना? मग सावर स्वतःला."

मागच्या सीटवर गुडघे टेकून बाप आणि लेक गाडीच्या मागच्या काचेवर श्वास सोडत होते. रस्त्याने कुत्र्याला घेऊन चाललेला शेजारी थबकला, दोघांकडे पाहत राहिला आणि काही न विचारता पुढे गेला. काच हळूहळू पांढुरकी झाली. बापाने दोन सीटांमधून हात लांब करून डिफॉगरचं बटण दाबलं.

"आता श्वास रोखून धर. बघ नुसती."

काचेवर आतल्या बाजूने अकरा बारीक तपकिरी रेषा होत्या. दिसायला रेषा, पण खरं तर तारा. त्यांतून वीज वाहू लागली की गरम होतात आणि काचेवरची वाफ घालवतात. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग वरच्या चार रेषांभोवतीची वाफ विरली आणि चार स्वच्छ पट्टे उमटले. खालचा सगळा भाग होता तसाच पांढरा राहिला.

"चार!" बाप ओरडला. "चार चालतात! अगं, चार चालतात!"

"सात बंद आहेत, बाबा."

"तुला नाही कळायचं. सगळ्या बंद असत्या तर मी कुठे शोधत बसलो असतो? आता सापडलंच म्हणून समज."

चौतीस वर्षं कापडगिरणीत वायरमन म्हणून काढलेला माणूस. पण गेले दोन आठवडे या काचेने त्याला पार जेरीला आणलं होतं. फ्यूज काढून पाहिला, ठीक. रिले ठीक. बटण खोलून पाहिलं, तेही ठीक. वाहन तपासणीत गाडी दोनदा नापास झाली होती आणि आज चार वाजता शेवटची संधी होती. सोमवारपासून मुलगी डोंगरावरच्या दवाखान्यात रुजू होणार होती. तिथल्या रस्त्यावर दुपारपर्यंत धुकं. ती त्याला समजावून म्हणाली होती, "आज नाही झालं तर राहू द्या, बाबा. दवाखाना मला गाडी देतोय. ही भंगारात देऊन टाकू."

भंगार हा शब्द त्याला माशाच्या काट्यासारखा टोचत होता. गाडी बायकोची होती. ती लोकांच्या घरांचे पडदे शिवायची आणि याच गाडीतून पोचवायची. तो स्वतः गाडी चालवायला कधी शिकलाच नाही. अकरा वर्षं तिच्या शेजारी बसला, एवढंच. तिला जाऊन पाच महिने झाले होते. पहिली थंडी पडली आणि मुलीच्या लक्षात आलं, की मागची काच साफ होत नाही.

"मीटर दे," तो म्हणाला. "आणि आकडे वाच. मोठ्याने."

वीज मोजायच्या मीटरच्या टोकाला त्याने कागदासारखा पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा गुंडाळला, म्हणजे काचेवर ओरखडा नको. टोक पाचव्या रेषेवर ठेवून तो सावकाश सरकवू लागला. चांगल्या रेषेत आकडा हळूहळू उतरत जातो. तुटलेल्या रेषेत तो तसाच राहतो आणि तुटलेली जागा ओलांडली की धपकन पडतो.

"बारा," मुलगी म्हणाली. "बारा. बारा. अजून बाराच. बाबा, हे... शून्य!"

"कुठे? हलू नको. इथे?"

"तुम्हीच धरलंय टोक, मी कशाला हलू?"

त्याने त्या जागी काचेवर बाहेरून चिकटपट्टीचा तुकडा लावायला सांगितला. सहावी रेषा: बारा, बारा, शून्य. सातवी तशीच. मुलगी आतबाहेर पळत होती, तो आतून बोट दाखवत होता, आणि दोघांचेही आवाज चढत होते. सात तुकडे लागले तेव्हा ती बाहेरून बघतच राहिली.

"बाबा, एका ओळीत आहेत. तिरक्या. कुणी पट्टीने आखल्यासारख्या."

"काहीतरी घासलंय," तो म्हणाला. त्याने चष्मा कपाळावर सरकवला, भिंग घेतलं आणि पाचव्या रेषेला नाक लावलं.

रेषा अखंड होती. सहावीही अखंड. कुठे चीर नाही, फट नाही.

गिरणीत त्याचा एक नियम होता. आधी डोळे, मग हात, मग मीटर. डोळ्यांना ठीक दिसलं म्हणून तर त्याने या रेषांना दोन आठवडे मीटर लावलं नव्हतं. आता मीटर म्हणत होतं तुटली आहे आणि डोळे म्हणत होते धडधाकट आहे. त्याने अंगठ्याचं नख रेषेवर हलकेच फिरवलं. तपकिरी पापुद्रा सुटून नखाला चिकटला. खाली नितळ काच होती.

"हे काय गं?"

मुलगी आत येऊन शेजारी बसली, तिने पापुद्रा आपल्या बोटावर घेतला, उजेडात धरला.

"नेलपॉलिश आहे."

"काहीतरीच. आपल्या घरात कोण लावतं नेलपॉलिश?"

"बाबा, आईने माझ्याकडून मागवलं होतं. तीन वर्षं झाली असतील. तपकिरी रंगाच्या चार बाटल्या. पडद्याला दोरा जुळवायची ना, तसं खिडकीत उभं राहून एकेक पाहत होती. एक ठेवली, तीन मला परत दिल्या. मी म्हटलं, आई, या वयात? तर म्हणाली, बाबांना बोललीस तर खबरदार."

"आणि तू नाही बोललीस."

"मला वाटलं, तुमच्यासाठी नटतेय."

बाप हसला. आधी नाकातून, मग पोट धरून, इतका की भिंग हातातून निसटलं. "पडद्यांचे रॉड! शंभरदा सांगितलं होतं, रॉड काचेला लावू नकोस, त्या रेषा नाहीत, तारा आहेत. म्हणायची, नाही हो लागत. घासले सात तारांवरून! आणि वर रंगवून ठेवलं! वायरमनच्या बायकोने!"

मुलगीही हसत होती. पाच महिन्यांत घरात एवढा आवाज झाला नव्हता.

मग तो एकदम थांबला.

"पण काच तर साफ असायची. दर हिवाळ्यात. मी रोज गाडीत बसायचो ना, साफ असायची."

मुलगी पडलेलं भिंग उचलायला वाकली.

"ती दहा मिनिटं आधी खाली यायची," तो म्हणाला. "म्हणायची, तुम्ही चहा संपवा, मी गाडी गरम करते. मागच्या सीटवर ओलं फडकं पडलेलं असायचं. त्यावरूनही मी बोलायचो, की ओलं फडकं सीटवर का टाकतेस." त्याने मुलीच्या बोटावरचा पापुद्रा पाहिला. "तीन हिवाळे हातानेच पुसली तिने. सांगायचं ना मला. तासाभराचं काम होतं."

"तुम्ही बोलला असतात, बाबा."

"बोललो असतो."

"किती दिवस?"

त्याने खरंच हिशेब केला. "वर्षभर तरी."

बाहेर शाळेची मधली सुट्टी झाल्याचा गलका उठला. मुलीने घड्याळ पाहिलं. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. "राहू दे म्हणालात तर राहू देऊ. भंगारात नाही देणार. अंगणात उभी ठेवू."

"अंगणात उभी करून काय करू? पूजा?" तो म्हणाला. "ब्लेड दे. आणि स्पिरिट."

ब्लेड आडवं धरून तो एकेक ठिपका खरवडू लागला. आधी मात्र त्याने सातही जागा पुन्हा भिंगातून पाहिल्या, तोंडाने आवाज करत, जसा तो गिरणीत दुसऱ्या वायरमनचं काम पाहायचा.

"हात बघ काय आहे. एक ओघळ नाही. रेषेच्या बाहेर केसभरसुद्धा गेलेली नाही. माझ्याने नाही होणार इतकं साफ."

"हे तिला कधी म्हणाला होतात?"

"नाही," तो म्हणाला, आणि पुढचा ठिपका खरवडला.

मग घाई सुरू झाली. प्रत्येक फटीच्या वरखाली चिकटपट्टी, मध्ये रेषेएवढी जागा मोकळी. चांदीचा रंग, म्हणजे ज्यातून वीज जाते तो, त्याने दोन आठवड्यांपूर्वीच आणून ठेवला होता, लागलाच तर म्हणून. बाटली हलवायची, ब्रश टेकवायचा, थांबायचं, रंगाचा दुसरा हात द्यायचा. रंग रेषेबाहेर जाऊ नये म्हणून मुलीने त्याचं मनगट धरलं, सुई टोचताना लहान मुलाचं धरतात तसं. मग खिडकीतून लांब वायर टाकून केस वाळवायचं यंत्र.

"भाजेल काच. लांब धर!"

"लांबच आहे. तुम्ही श्वास घ्या."

तीन वाजता त्यांनी पट्ट्या सोलल्या. तिरक्या ओळीत सात चंदेरी ठिपके दिसत होते, जाडेभरडे. फुंकायला कुणाच्या छातीत दम उरला नव्हता, म्हणून मुलीने किटली आणली. वाफ काचेभर पसरली. त्याने बटण दाबलं.

एक पट्टा उमटला. चार. सहा. नववा जरा रेंगाळला, तेव्हा तो काचेला म्हणाला, "चल गं, चल." अकरा झाले. पट्टे रुंदावत एकमेकांना भिडले आणि काचेतून समोरचं फाटक, फाटकावरचं कुलूप, कुलपावरचा गंज, सगळं दिसू लागलं. मुलीने बापाला मिठी मारली. किटलीतलं पाणी त्याच्या विजारीवर सांडलं, तरी तो हसतच होता.

तपासनीस नाकावर चष्मा असलेला, कुणाकडे न बघणारा गृहस्थ होता. त्याने काच पाहिली, ठिपक्यांवर पेन आपटलं.

"किती दिवस बंद होतं हे?"

"तीन वर्षं," बाप म्हणाला.

"तीन वर्षं तशीच चालवलीत?"

"मी नाही चालवली, साहेब. मी शेजारी बसायचो."

तपासनिसाने पहिल्यांदाच मान वर केली. मग शिक्का मारला.

परत निघाले तेव्हा बारीक पाऊस सुरू झाला होता. दोघांच्या श्वासाने बाजूच्या काचा धुरकटल्या. मुलगी गाडी चालवत होती. बाप तिच्या शेजारी, सीटचा पट्टा ताणून, अख्खा मागे वळून बसला होता. मागचा रस्ता स्वच्छ दिसत होता. तपासणीचं फाटक, वळण, वळणावरचं झाड, सगळं एकेक करून लहान होत चाललं होतं.

"बाबा, सरळ बसा. मान अवघडेल."

"अवघडू दे," तो म्हणाला, आणि तसाच बघत राहिला.