उषानी जपून ठेवलेल्या गोळ्या

"काका, डबी रिकामी यायला हवी होती," डॉक्टर दिपाली मॅडम म्हणाल्या. "यात तर एकेचाळीस गोळ्या आहेत."

"तेच सांगायला आलो, मॅडम."

माझी उषा जाऊन तेरा दिवस झाले होते. फुप्फुसाच्या नव्या औषधाची दवाखान्यात परीक्षा चालली होती, त्यात तिचं नाव होतं. निम्म्या लोकांना औषध, निम्म्यांना तशीच दिसणारी साधी गोळी. कुणाला कुठली, ते खुद्द मॅडमलाही माहीत नसतं. उषा घाबरली, तेव्हा मीच समजावलं. म्हटलं, आमच्या पांडेसऱ्याच्या कापड रंगवायच्या मिलमध्ये अख्खा लॉट रंगवायच्या आधी बोटभर चिंधी रंगवून बघतात, तसंच हे.

"म्हंजे मी चिंधी व्हयनी?" म्हणून लई हसली. मग गल्लीभर सांगत फिरली, माझ्यावरून पुढच्यांना औषध ठरणार म्हणून.

परवा या गोळ्या तांदळाच्या डब्यात सापडल्या. आमची पोरगी सुषमा रडतच बोलली, "आई संध्याकाळची गोळी बाजूला ठेवायची. म्हने, तुना बापले बी खोकला शे, त्याले लागतीन. फेकून द्या बाबा. कळलं तर तिचं नाव काढून टाकतील."

मी फेकणारच होतो. पण एकदा चिंधीत रंग जास्त पडला होता आणि मी ते लपवलं होतं. अख्खा लॉट वाया गेला. इथं तर लॉट म्हणजे माणसं.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढला.

"नाव नाही काढत, काका. जे झालं ते तसंच लिहायचं. घरी असंही होतं, हे कळणंसुद्धा कामाचं आहे."

"एक विचारू? तिची गोळी खऱ्या औषधाची होती का? सगळ्या खाल्ल्या असत्या तर..."

"ती यादी आत्ता उघडता येत नाही. सगळ्यांचं संपल्यावरच. अजून दीड वर्ष."

"मग राहू द्या," मी म्हटलं. डबीवर बोट ठेवलं. "यातली एक द्याल? खायला नाही. ठेवायला."

"नाही देता येत, काका."

"बरोबर आहे तुमचं."

त्यांनी गोळ्या पिशवीत घातल्या, तोंडावर कागद चिकटवला. एक कोपरा सुटत होता. मी त्यावर अंगठा ठेवला आणि चिकटेपर्यंत दाबून धरला.