मालकाची पोर

विजयश्री माझ्यापाशी हसताना कायम तोंडावर हात धरायची. नेहा तिच्या खोलीत राहायला आली आणि तिसऱ्याच दिवशी मी गच्चीवरून पाहिलं: विजयश्री उंबऱ्यावर बसून खदाखदा हसत होती, आणि नेहा मागं बसून तिच्या केसांना तेल लावत होती. दहा बोटं, अगदी निवांत.

माझ्या हातातली ओली चादर तशीच राहिली.

भोसरीत आमच्या घरामागं सहा खोल्या आहेत. त्या फक्त कंपनीतल्या मुलींना द्यायच्या, हा माझ्या आईचा, शालनबाईंचा नियम. "पोरी असल्या की घोर न्हाई," ती म्हणते. विजयश्री लातूरकडची, चाकणच्या कंपनीत गाड्यांच्या वायरी जोडायला. मी बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला. एकदा तिच्या खोलीतला नळ गळतोय म्हणून बघायला गेले आणि दोन तास तिथंच बसले. पुढं दर रविवारी आम्ही माझ्या स्कूटीवरून इंद्रायणीच्या पुलापर्यंत जायचो. तिथं एकदा तिनं माझं तोंड दोन्ही हातांत धरलं होतं. आठ महिने चाललेल्या या गोष्टीला आम्ही काहीच नाव दिलं नव्हतं. मला वाटायचं, गरजच काय.

तिच्या जुन्या रूममेटचं लग्न झालं आणि कंपनीत तिच्याच लाइनवर काम करणारी नेहा आली. त्या रविवारी मी स्कूटी काढून उभी राहिले, तर विजयश्री म्हणाली, "आज नेहाला चपला घ्यायच्यात. पुढच्या रविवारी जाऊ."

पुढच्या रविवारी नेहाला ताप होता.

सोमवारी आई मेथी निवडत होती. मी शेजारी बसले आणि म्हणाले, "ती नवीन पोरगी आहे ना, नेहा. तिच्याकडं पोरं येतात."

आईचा हात थांबला. "कुणी बघितलं?"

"मी."

एवढंच बोलले. पटायला एवढं पुरलं. दोन पोरींमध्येच काही असू शकतं, हे आमच्या घरात कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

मला नेहा जायला हवी होती. पण खोली एकच होती. बदनामी मी एकीची केली, ती दोघींना पुरली. आईनं संध्याकाळी दोघींना खोली सोडायला सांगितली आणि वर विजयश्रीच्या वडिलांना फोन लावला. "परक्याची लेक हाय. उद्या काय झालं तर आमी काय तोंड दाखवायचं?"

बुधवारी दुपारी तिचे वडील आमच्या सोफ्याच्या अगदी कडेला बसले होते. पाण्याचा पेला त्यांनी उचलला नाही. "पोरीला घेऊन जातो," एवढंच म्हणाले. "तिच्या मामानं एक स्थळ बघितलंय."

विजयश्री पहिल्या शिफ्टवरून तशीच आली होती, कंपनीच्या निळ्या शर्टात. तिनं वडिलांकडं पाहिलं नाही, माझ्या आईकडंही नाही. माझ्याकडं पाहिलं. तिला सगळं कळलं होतं.

"मी खोटं बोलले," मी म्हणाले. "कुणी पोरं येत नव्हती. कधीच नाही."

"मग का बोललीस?" आईनं विचारलं.

खरं सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. जिभेवर आलंही होतं. "नेहा मला आवडत नाही," मी म्हणाले.

आईनं सगळ्यांसमोर माझ्या थोबाडीत मारली. आतल्या खाटेवरून आजोबा, आबाजी, ओरडले, "लोकाच्या पोरीच्या अब्रूशी खेळती व्हय गं?" विजयश्रीचे वडील मान खाली घालून बसले आणि रात्रीच्या गाडीनं एकटेच परत गेले. मुलीला घेऊन गेले नाहीत, एवढंच माझ्या पदरात पडलं.

दुसऱ्या दिवशी ती मागच्या नळावर भेटली. आईनं दोघींना राहा म्हणून सांगितलं होतं, पण त्या जाणार होत्या.

"कामून केलंस?"

"तू तिच्यापाशी कशी हसतेस. माझ्यापाशी कधी हसलीस तशी?"

तिनं बादली नळाखाली सरकवली. "तू मालकाची पोर हायस, स्नेहल. तुझं मन मोडलं तर खोली जाईल, ही धाकधूक मला पहिल्या दिवसापासून होती. मला वाटायचं, मीच येडी हाय. तू कुठं तसलं करशील." तिनं नळ बंद केला. "केलंसच की."

माफी मागायची सोडून मी विचारलं, "तुमच्यात काही आहे का?"

"नव्हतं," ती म्हणाली. "आता मला माहीत नाही." आणि बादली घेऊन गेली.

रविवारी टेम्पो आला. चाकणलाच, कंपनीजवळ त्यांनी खोली बघितली होती. गाद्या, बादल्या, छोटा गॅस. मी खाली गेले, कुणी बोलावलं नव्हतं तरी. विजयश्री ड्रायव्हरला दोरी आवळायला सांगत होती, माझ्याकडं पाठ करून. नेहा मात्र माझ्यापाशी आली. विजयश्रीचं आणि माझं तिला काहीच ठाऊक नव्हतं.

"ताई, मनात राग नाही. पण एक सांगा, माझं काय आवडलं नाही तुम्हाला?"

तिचा चेहरा खरोखरच काळजीनं भरलेला होता.

"तुमचं काही चुकलं नाही," मी म्हणाले.

ती टेम्पोत मागं चढली आणि विजयश्रीला वर घ्यायला हात पुढं केला. विजयश्री चढली, गादीवर बसली, तरी तो हात तिनं सोडला नाही. टेम्पो गल्लीच्या टोकाला वळला. मला माझी लाज वाटत होती, खरंच वाटत होती. पण घरात येऊन दार लावून घेतल्यावर मी रडले ती त्या लाजेनं नाही. त्या हातामुळं.