बाबांचा साठा

आई गेल्यापासून बाबा सकाळी चहा-बिस्किटं आणि संध्याकाळी बिस्किटं-चहा असं आलटूनपालटून जेवत होते. धाकट्या मुलाने वृद्धाश्रमात जागाही बघून ठेवली होती आणि तसं थोरल्या बहिणीला सांगितलं.

"तिथे दोन वेळा गरम ताट मिळतं, ताई."

"घर सोडून जगतील ते?"

"घरात राहून जगतायत का?"

थोरलीने मुदत मागितली. पुढच्या सुट्टीत ती पुन्हा येईल, तोवर बाबा स्वतःचं करून खायला लागले तर धाकट्याने हा विषय काढायचा नाही. नाही लागले, तर तिने तोंड उघडायचं नाही.

थोरली दुसऱ्या शहरात एका कँटीनमध्ये स्वयंपाकीण होती. शेकडो माणसांना जेवू घालून तिचं एक ठाम मत झालं होतं: भरलेलं कपाट समोर दिसलं की माणसाचे हात आपसूक चालू लागतात. तिचे लागत. जगाचेही लागत असणार, असं तिने धरूनच टाकलं होतं.

तिने बाबांच्या स्वयंपाकघरातलं कपाट धुऊन पुसून भरलं. तांदूळ, मसूर, पीठ, तेल, मीठ, साखर, मिरपूड. खाली टोपलीत कांदे-बटाटे. मग बाबांना शेजारी उभं करून भात कसा टाकायचा, डाळ कशी शिजवायची ते दाखवलं. बाबा हात पाठीमागे बांधून, तपासणीला आल्यासारखे बघत होते.

त्यांची उभी हयात कारखान्याच्या गोदामात गेली होती. स्टोअरकीपर. साहेब जरी आला तरी चिठ्ठीशिवाय त्यांच्या हातून एक खिळा सुटला नव्हता. सगळे त्यांना मागून 'कुलूप' म्हणत. ते त्यांना ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं.

कपाट भरून झालं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी तरतरी आली.

"तेल पुढे का ठेवलंस?"

"हाताशी असावं म्हणून."

"हाताशी असलं की संपतं."

थोरली खळखळून हसली. बाबा विनोद करायला लागले, म्हणजे गाडी रुळावर आली असं समजून ती निर्धास्त मनाने परत गेली.

फोनवर ती रोज खोदून खोदून विचारायची. "तांदूळ आहेत ना?"

"भरपूर."

"कांदे?"

"कालच आणले. काही कमी पडू देत नाही मी."

आणतायत म्हणजे खपतंय! तिने लगोलग धाकट्याला फोन लावला. "बघ, म्हणत होते ना?" तोही बिचारा खूश झाला. वडिलांना घराबाहेर काढायची हौस त्याला तरी कुठे होती?

सुट्टी लागताच ती आली. दार उघडलं बाबांनीच, पण मान आणि कॉलर यांच्यामध्ये अख्खा हात जाईल एवढी जागा झाली होती. पाणीबिणी विचारायच्या आधी ते तिला कपाटापाशी घेऊन गेले.

कपाट बघत राहावं असं होतं. एकेक पाकीट नाव पुढे करून उभं, जड माल खाली, हलका वर. थोरलीने तेलाची बाटली उचलली. तिनेच आणलेली. झाकणावरचं सीलही शाबूत.

"बाबा, हे तर मी ठेवलेलंच आहे."

"मग! जसंच्या तसं." त्यांची छाती फुगली.

"आणि तुम्ही आणत होता ते?"

"कांदे सडतात, पिठाला कीड लागते. वेळच्या वेळी बदलावं लागतं. साठा राखणं म्हणजे खायचं काम नाही, पोरी."

तिने सील फाडलं, पाकिटं फोडली, आणि भात-डाळ करून ताट त्यांच्यापुढे ठेवलं. बाबा मान खाली घालून जेवू लागले, घाईघाईने, शाळेतून आलेल्या मुलासारखे. भूक मेलेली नव्हती तर! थोरलीचा जीव भांड्यात पडला. तिने आणखी भात वाढला. आपण महिनाभर इथेच राहावं, यांच्याच हातून रोज पाकिटं फोडून घ्यावी, असे बेतही तिच्या मनात सुरू झाले.

तेवढ्यात बाबांची नजर कपाटाकडे गेली. घास हातातच राहिला. ते उठले, हात धुतला आणि चपला शोधू लागले.

"बाबा, ताटात भात आहे."

"दुकान दुपारचं बंद होतं."

"मी आणते. तुम्ही जेवा आधी."

"तुला नाही जमायचं. त्याच मापाचं मिळायला हवं."

कठड्याला धरून, प्रत्येक वळणावर दम खात ते जिना उतरले. परत आले तेव्हा ओठ पांढरेफटक पडले होते, पण पिशवी भरलेली होती. त्यांनी नवी पाकिटं मांडली, फोडलेली मागे सारली, दोन पावलं मागे होऊन पाहिलं आणि सुटकेचा श्वास टाकला. ताटाकडे त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

थोरली गॅलरीत गेली आणि तिने भावाला फोन लावला.

"ती जागा अजून आहे का रे?"

'मी सांगत नव्हतो?' असं धाकट्याने म्हणायला हवं होतं. निदान भांडता तरी आलं असतं. तो नुसता "हं" म्हणाला.

"धाकटा का?" आतून बाबांचा आवाज आला. "जेवायला बोलव त्याला. आणि हे बघ, घरातलं काही काढू नकोस हं. बाहेरून मागव."